निव्वळ आयनिक समीकरण: काय फोडायचं आणि काय अखंड ठेवायचं

निव्वळ आयनिक समीकरण म्हणजे अभिक्रियेत खरोखर भाग घेणारे कणच दाखवणारं समीकरण. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइडचं सगळ्यांना येतं, कारण ते पाठ असतं. त्याच मुलांना बेरिअम क्लोराइड आणि ॲल्युमिनिअम सल्फेटची जोडी द्या, मग पाहा. कोणी क्लोराइडच्या जागी क्लोरिनचा रेणू लिहितो. कोणी सल्फेट फोडून गंधक वेगळं आणि ऑक्सिजन वेगळा करतो. कोणी सगळं नीट करून शेवटी तिन्ही ठिकाणी ३ तसाच ठेवून देतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सर, कॅन्सल करताना चुकलं.’

कॅन्सल करताना, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं असलेलं खोडताना, सहसा कोणी चुकत नाही. चूक त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. सूत्र चुकीचं मांडलेलं असतं, किंवा जे पाण्यात सुटं होतच नाही ते कागदावर फोडलेलं असतं. म्हणून या लेखात कॅन्सल करण्याला चार ओळी आहेत आणि बाकी सगळा भर त्याच्या आधीच्या कामावर आहे.

लिहिण्याची पद्धत आधी सांगून ठेवतो. मी चिन्हांऐवजी नावं लिहिली आहेत, प्रभार कंसात आहे: बेरिअम(२+), क्लोराइड(१−). अवक्षेपापुढे, म्हणजे द्रावणातून खाली बसणाऱ्या न विरघळलेल्या पदार्थापुढे, खाली जाणारा बाण (↓) आहे. चिन्हं दिसली की हात आपोआप चालतो आणि डोकं थांबतं, असा माझा अनुभव आहे. आधी नावांनी विचार करा, वहीत उतरवताना चिन्हं घाला.

## तयारी: पेन उचलण्याआधी तीन गोष्टी

पहिली: आयनांची, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंची किंवा अणुगटांची, नावं आणि प्रभार. यात पळवाट नाही. एका धातूचे आयन फारसे त्रास देत नाहीत: सोडिअम, पोटॅशिअम, सिल्व्हर यांचा १+, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम, झिंक यांचा २+, ॲल्युमिनिअमचा ३+. लेड, कॉपर आणि लोह यांचे एकाहून जास्त प्रभार असू शकतात, म्हणून प्रश्नातलं नाव नीट वाचा. फेरस म्हणजे २+, फेरिक म्हणजे ३+. लेड नायट्रेटमधलं लेड २+ असतं, कॉपर सल्फेटमधलं कॉपरही २+.

खरी गफलत अनेक अणूंच्या आयनांत होते. नायट्रेट, हायड्रॉक्साइड, ॲसिटेट, बायकार्बोनेट यांचा १−, सल्फेट, कार्बोनेट, क्रोमेट यांचा २−, फॉस्फेटचा ३−. या गटातला एकच धन आयन रोज लागतो, तो म्हणजे अमोनिअम, १+. हे आयन म्हणजे एकेक गाठोडं आहे. पाण्यात ते गाठोडं सुटत नाही, आख्खंच फिरतं.

> सावधान: सल्फेट, सल्फाइट आणि सल्फाइड ही तीन वेगळी माणसं आहेत. घाईत एक अक्षर चुकलं की पुढचं सगळं गणित दुसऱ्याच क्षाराचं होतं.

दुसरी: काय विरघळतं. पाठ करायचं असेल तर या क्रमाने करा, कारण वरचा नियम खालच्यावर मात करतो.

१. सोडिअम, पोटॅशिअम आणि अमोनिअमचे नेहमीच्या वापरातले क्षार विरघळतात. नायट्रेटही सगळे विरघळतात.
२. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड विरघळतात. अपवाद सिल्व्हर, लेड आणि मर्क्युरस.
३. सल्फेट विरघळतात. अपवाद बेरिअम, स्ट्रॉन्शिअम, लेड. कॅल्शिअम मधेच लटकलेलं.
४. कार्बोनेट आणि फॉस्फेट विरघळत नाहीत. पहिल्या नियमातले तीन धन आयन असतील तरच विरघळतात.
५. हायड्रॉक्साइड विरघळत नाहीत. सोडिअम, पोटॅशिअम, बेरिअमचे विरघळतात, कॅल्शिअमचं थोडंसं.
६. सल्फाइड बहुतेक विरघळत नाहीत. सोडिअम, पोटॅशिअम, अमोनिअम यांचे विरघळतात.

‘विरघळत नाही’ म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सिल्व्हर क्लोराइड जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळतं, बेरिअम सल्फेट साधारण अडीच मिलिग्रॅम. इतकं कमी की समीकरणात त्याला स्थायू म्हणायला हरकत नाही. कॅल्शिअम सल्फेट मात्र लिटरमागे सुमारे २ ग्रॅम विरघळतं, म्हणजे जवळजवळ हजारपट. त्यामुळे पातळ द्रावणं मिसळली तर परीक्षानळीत काहीच दिसत नाही आणि मुलं गोंधळतात. लेड क्लोराइडची तीच तऱ्हा: थंड पाण्यात लिटरमागे सुमारे १० ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३० ग्रॅमहून जास्त. गरम द्रावणातून गायब झालेला पांढरा अवक्षेप नळी थंड झाल्यावर सुयांसारख्या स्फटिकांत परत येतो, तो यामुळेच.

तिसरी: कोण तीव्र, कोण सौम्य. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि सल्फ्युरिक ही तीव्र आम्लं. विरल द्रावणात ती आयनांच्या रूपात लिहायची. ॲसेटिक आम्ल, फॉस्फोरिक आम्ल, हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया ही सौम्य मंडळी. विरघळतात, पण बहुतेक रेणू अखंड राहतात. विरघळणं आणि आयनांत फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखरही विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत.

आता पायऱ्या. बेरिअम क्लोराइड आणि ॲल्युमिनिअम सल्फेट हीच जोडी शेवटपर्यंत चालवू.

## पायरी १: डावीकडची सूत्रं प्रभारावरून बांधा

बेरिअम २+, क्लोराइड १−. म्हणून एका बेरिअमला दोन क्लोराइड.
ॲल्युमिनिअम ३+, सल्फेट २−. म्हणून दोन ॲल्युमिनिअमना तीन सल्फेट.

कागदाच्या कडेला हे गुणोत्तर लिहून ठेवा: १ : २ आणि २ : ३. चौथ्या पायरीत हेच आकडे लागतील.

## पायरी २: जोडीदार बदला, पण सूत्र नव्याने बांधा

दुहेरी विस्थापनात धन आयन एकमेकांचे ऋण आयन घेतात. बेरिअमला सल्फेट मिळतं, ॲल्युमिनिअमला क्लोराइड.

सर्वांत महागात पडणारी चूक इथली आहे. मुलं जोडीदारासोबत जुना आकडाही उचलून नेतात. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये सल्फेट तीन होते म्हणून बेरिअमलाही तीन चिकटवतात. तो ३ सल्फेटचा स्वतःचा नव्हता, ॲल्युमिनिअमसोबतच्या हिशेबाचा होता. नवा जोडीदार आला की हिशेब नवा.

बेरिअम २+, सल्फेट २−: १ : १.
ॲल्युमिनिअम ३+, क्लोराइड १−: १ : ३.

> तपासा: उजवीकडच्या प्रत्येक सूत्रात धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य येते का? येत नसेल तर इथेच थांबा. पुढे सरकून ते दुरुस्त होत नाही.

## पायरी ३: संतुलन करा, मग अवस्था लिहा

३ बेरिअम क्लोराइड + १ ॲल्युमिनिअम सल्फेट → ३ बेरिअम सल्फेट + २ ॲल्युमिनिअम क्लोराइड

संतुलन करताना सुटे अणू मोजू नका, गाठोडी मोजा. सल्फेट डावीकडे ३, उजवीकडे ३. क्लोराइड ६ आणि ६. ऑक्सिजनचे बारा अणू मोजत बसलात तर वेळ जातो आणि एखादा हमखास निसटतो.

मग नियम लावून अवस्था: बेरिअम क्लोराइड जलीय (पाण्यात विरघळलेलं), ॲल्युमिनिअम सल्फेट जलीय, ॲल्युमिनिअम क्लोराइड जलीय, बेरिअम सल्फेट स्थायू. म्हणजे अवक्षेप तोच.

काही जण संतुलन शेवटी करतात. आधी कळस मग पाया. फोडल्यावर आयनांची संख्या कुठून आली हे कळेनासं होतं आणि आकडे अंदाजाने भरले जातात.

> सावधान: दोन्ही उत्पादितं जलीय निघाली तर अवक्षेप नाही. पाणी, वायू किंवा सौम्य आम्लही तयार होत नसेल तर अभिक्रियाच नाही. पोटॅशिअम नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइड मिसळलं तर चारही आयन जसेच्या तसे फिरत राहतात. तिथे ‘अभिक्रिया होत नाही’ हेच पूर्ण उत्तर आहे. प्रश्न विचारलाय म्हणजे अवक्षेप असणारच असं समजून काही जण सोडिअम नायट्रेटपुढे बाण काढतात.

## पायरी ४: फोडा

प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारा. पाण्यात विरघळलाय का? विरघळून आयनांत पूर्ण फुटतो का? दोन्हींना ‘हो’ असेल तरच फोडा. एक जरी ‘नाही’ आला तर पदार्थ अखंड. स्थायू, वायू, पाणी आणि सौम्य आम्ल-आम्लारी अखंड.

डावीकडे:
३ बेरिअम(२+) + ६ क्लोराइड(१−) + २ ॲल्युमिनिअम(३+) + ३ सल्फेट(२−)

उजवीकडे:
३ बेरिअम सल्फेट ↓ + २ ॲल्युमिनिअम(३+) + ६ क्लोराइड(१−)

६ कुठून आला? पुढचा गुणक ३, आत क्लोराइड २. तीन दुणे सहा. ॲल्युमिनिअम सल्फेटचा गुणक १, आत ॲल्युमिनिअम २, सल्फेट ३. कडेला लिहिलेली गुणोत्तरं इथे कामाला आली. गुणक आणि आतली संख्या यांचा गुणाकार आयनाच्या पुढे येतो. तो आयनाच्या आत शिरला की क्लोराइडचा क्लोरिन रेणू होतो, आणि क्लोरिन हा विषारी वायू आहे. तुमच्या परीक्षानळीत तो नाही.

‘बेरिअम सल्फेटमध्येही आयनच असतात ना, मग फोडायचं का नाही?’ हा प्रश्न दर वर्षी येतो आणि चांगला आहे. आयन आहेत, पण ते स्फटिकात एकमेकांना धरून बसलेत, पाण्यात सुटे फिरत नाहीत. पोटाच्या काही एक्स-रे तपासण्यांआधी रुग्णाला बेरिअम सल्फेटचं पांढरं मिश्रण पाजतात. सुटा बेरिअम आयन विषारी असतो. तरी हे चालतं, कारण तिथे बेरिअम जवळपास सुटतच नाही. समीकरणात तुम्ही तो फोडलात तर कागदावर रुग्णाला विष पाजलंत.

> तपासा: या ओळीच्या दोन्ही बाजूंचा एकूण प्रभार काढा. डावीकडे +६ −६ +६ −६ = ०. उजवीकडे ० +६ −६ = ०. जुळलं.

## पायरी ५: दोन्ही बाजूंना सारखं असेल ते खोडा

दोन्हीकडे त्याच रूपात असलेले आयन म्हणजे प्रेक्षक आयन. ॲल्युमिनिअम २ आणि २, गेले. क्लोराइड ६ आणि ६, गेले. संख्या कमी-जास्त असेल तर फरक उरतो, सगळं खोडायचं नाही.

‘त्याच रूपात’ हे दोन शब्द महत्त्वाचे. डावीकडे सुटं सल्फेट आणि उजवीकडे अवक्षेपात अडकलेलं सल्फेट हे एक रूप नाही.

## पायरी ६: लहान करा

उरलं: ३ बेरिअम(२+) + ३ सल्फेट(२−) → ३ बेरिअम सल्फेट ↓

सगळीकडे ३ सामाईक. भागा.

बेरिअम(२+) + सल्फेट(२−) → बेरिअम सल्फेट ↓

ही पायरी विसरल्याने गुण जातात, आणि वाईट वाटतं कारण बाकी सगळं बरोबर असतं.

## पायरी ७: शेवटची तपासणी, अणू आणि प्रभार दोन्ही

नुसते अणू मोजून भागत नाही. लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइडपासून पिवळाजर्द लेड आयोडाइड पडतो. तिथे बरोबर उत्तर आहे:

लेड(२+) + २ आयोडाइड(१−) → लेड आयोडाइड ↓

यातला २ गाळला तर डावीकडे प्रभार +१, उजवीकडे ०. चूक लगेच उघडी पडते.

मात्र ‘दोन्हीकडे शून्यच यायला हवं’ हा गैरसमज आहे. दोन्हीकडे सारखं यायला हवं. त्याचं उदाहरण पुढे येतंच.

## जिथे नेहमीची सवय फसवते

अमोनियाचं द्रावण. ॲल्युमिनिअमच्या क्षारात सोडिअम हायड्रॉक्साइड थोडं घातलं तर ॲल्युमिनिअम(३+) + ३ हायड्रॉक्साइड(१−) → ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड ↓. पण क्षारविश्लेषणात आपण अमोनिया घालतो, आणि तो सौम्य आहे. त्याला फोडायचं नाही:

ॲल्युमिनिअम(३+) + ३ अमोनिया + ३ पाणी → ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड ↓ + ३ अमोनिअम(१+)

प्रभार डावीकडे +३, उजवीकडे +३. शून्य नाही, तरी बरोबर. सोडिअम हायड्रॉक्साइड जास्त ओतलं तर हाच जेलीसारखा अवक्षेप पुन्हा विरघळतो, म्हणून प्रश्नात ‘थोडं’ आहे की ‘जास्त’ हे वाचा.

हायड्रोजन सल्फाइड. कॉपर सल्फेटच्या द्रावणात हा वायू सोडला की काळा अवक्षेप. वायू अखंड लिहा:

कॉपर(२+) + हायड्रोजन सल्फाइड → कॉपर सल्फाइड ↓ + २ हायड्रोजन(१+)

सल्फाइड(२−) सुटा लिहिणारे बरेच आहेत. पाण्यात तो तसा जवळपास नसतोच.

प्रेक्षक एकही नसतो तेव्हा. बेरिअम हायड्रॉक्साइड आणि विरल सल्फ्युरिक आम्ल. एकीकडे अवक्षेप पडतो, दुसरीकडे पाणी होतं. खोडायला काहीच उरत नाही:

बेरिअम(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) + २ हायड्रोजन(१+) + सल्फेट(२−) → बेरिअम सल्फेट ↓ + २ पाणी

‘काहीतरी कॅन्सल व्हायलाच हवं’ म्हणून यातून अर्धंच समीकरण देऊ नका. प्रयोगशाळेत विद्युतवाहकता मोजायचं साधन असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं: आम्ल थेंबथेंब टाकत गेलं की वाहकता पडत जाते, बरोबर प्रमाणाला जवळपास शून्यावर येते, कारण वाहून नेणारे आयनच उरत नाहीत.

डावीकडेच स्थायू असतो तेव्हा. बेरिअम क्लोराइडने पांढरा पीपीटी (प्रेसिपिटेट, म्हणजे अवक्षेप) आला म्हणजे सल्फेट, असं जर्नलमध्ये सर्रास लिहितात. कार्बोनेटही पांढराच पीपीटी देतं. म्हणून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं: सल्फेट तसाच राहतो, कार्बोनेट बुडबुडे सोडत विरघळतो. या विरघळण्याच्या समीकरणात बेरिअम कार्बोनेट डावीकडे आहे म्हणून फोडू नका, तो स्थायू आहे:

बेरिअम कार्बोनेट + २ हायड्रोजन(१+) → बेरिअम(२+) + पाणी + कार्बन डायऑक्साइड

जाता जाता: सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर डाग काळा पडतो आणि काही दिवस जात नाही. निवडणुकीच्या शाईतही तेच असतं. लेड आणि बेरिअमच्या नळ्या सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा.

## सरावाला पाच जोड्या

उत्तर झाकून आधी स्वतः लिहा.

१. तुरटीचं द्रावण आणि बेरिअम क्लोराइड. तुरटीत पोटॅशिअम, ॲल्युमिनिअम आणि सल्फेट असे तीन आयन आहेत, म्हणून घाबरायला होतं. पोटॅशिअम आणि ॲल्युमिनिअम दोन्ही प्रेक्षक. उत्तर वरचंच: बेरिअम(२+) + सल्फेट(२−) → बेरिअम सल्फेट ↓

२. सिल्व्हर नायट्रेट आणि मॅग्नेशिअम क्लोराइड. सगळीकडे २ येतो, भागायचं राहतं. सिल्व्हर(१+) + क्लोराइड(१−) → सिल्व्हर क्लोराइड ↓

३. बोअरवेलच्या जड पाण्यात धुण्याचा सोडा. कॅल्शिअम क्लोराइडमुळे आलेला जडपणा धरा. कॅल्शिअम(२+) + कार्बोनेट(२−) → कॅल्शिअम कार्बोनेट ↓. बादलीच्या तळाशी बसतो तो पांढरा साका हाच.

४. कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम फॉस्फेट. ३ कॅल्शिअम(२+) + २ फॉस्फेट(३−) → कॅल्शिअम फॉस्फेट ↓. ३ आणि २ ला सामाईक भाजक नाही, म्हणून ते तसेच राहतात. प्रभार +६ −६ = ०.

५. मॅग्नेशिअम सल्फेट आणि बेरिअम हायड्रॉक्साइड. एक अवक्षेप सापडला की शोध थांबतो, आणि इथे दोन आहेत. मॅग्नेशिअम(२+) + सल्फेट(२−) + बेरिअम(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) → बेरिअम सल्फेट ↓ + मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड ↓